अहेव

“घरात कुणाला झाला होता का?” मी विचारलं.

“आमच्या घरात? छे.” मोघे सरांनी कप बशीत ठेवला. “आमच्या घराण्यात हा रोग नाही.”

सांगलीतला, विश्रामबागेतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. एप्रिलची दुपार, पंखा फुल, आणि तरी माझा कुडता पाठीला चिकटलेला. समोर कोचावर सर बसलेले, बहात्तर वर्षांचे, संस्कृतचे रिटायर्ड मास्तर, पाठ सरळ. शेजारी थोरली मुलगी क्षमाताई, एक्केचाळीस वर्षांची, लग्न न केलेली, डोक्याला रुमाल. स्तनाचा कॅन्सर, दुसऱ्यांदा उलटलेला. खाली सतरंजीवर धाकटी ऋजुताताई. पस्तिशीची, ठणठणीत, गावातच दिलेली, आठ वर्षांच्या लेकीची, ओवीची, वेणी घालत होती. आणि स्वयंपाकघराच्या दारात कुमुदकाकू, या दोघींची आई, ना आत ना बाहेर अशा उभ्या.

मी वैजयंता भोईटे, फलटणची. तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि पुण्यात एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते. क्षमाताईंच्या रक्तात आम्हाला एका जीनमध्ये बदल सापडला होता. तोच बदल ऋजुताताईंच्या रक्तातही होता. तो घातक आहे की निरुपद्रवी, हे मात्र जगात कुणालाच माहीत नव्हतं, कारण नेमका तसा बदल आधी कुणी पाहिलेलाच नव्हता. म्हणून मी घराण्याचा तक्ता भरायला आले होते. गोल म्हणजे बाई, चौकोन म्हणजे पुरुष, आणि ज्याला रोग झाला तो गोल काळा करायचा.

“काकू, तुमच्या माहेरी?”

काकूंनी पदराला हात पुसले. “आईला नव्हता. मावशीला पोटाचं काहीतरी झालं होतं, पण ते बहुतेक अपेंडिक्स. एक मामेबहीण आहे, तिला थायरॉइड.” हरवलेली किल्ली शोधावी तशा त्या आपलं अख्खं माहेर उलथंपालथं करत होत्या. “माझ्याकडूनच आला असणार गं. बायकांचा रोग तो. बायकांकडूनच यायचा.”

“आई, पुरे हं,” क्षमाताई म्हणाल्या.

 सर एकदा तरी ‘तसं काही नाही’ म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं.

मी म्हटलं, “सर, हे वडिलांकडूनही मुलीत येतं. वडिलांना स्वतःला काहीही होत नाही, पण त्यांच्या रक्तातून पुढे जातं. तुमच्या बाजूचं सगळं मला लागेल.”

“सगळं आहे.” ते उठले आणि कपाटातून विटेएवढं जाड पुस्तक घेऊन आले. “आमचा कुलवृत्तांत. छापील. सोळा पिढ्या. कोण कुठे शिकला, कुठे नोकरीला होता, कशाने वारला, सगळं दिलंय.”

असलं घबाड मला कुठल्याच घरात मिळालं नव्हतं. एरवी लोकांना आजोबांचं नाव आठवत नाही, आणि इथे सोळा पिढ्या, छापील! मी अधाशासारखी उतरवून घ्यायला लागले. आजोबा क्षयाने, पणजोबा प्लेगात, चुलते पडून. सरांच्या नावापुढे होतं: बंधू एक, भगिनी तीन, विवाहित. मी तीन गोल काढले.

“या तिघी?”

“त्या दिल्या घरी गेल्या. आता नाहीत कोणी.”

बहात्तर वर्षांच्या माणसाच्या बहिणी आता नाहीत. यात काय विचारायचं? मी ते तिन्ही गोल पांढरे ठेवले, तक्ता मिटला, आणि काकूंनी केलेली कैरीची डाळ दोनदा मागून खाल्ली. मला अजून तिची चव आठवते आणि स्वतःचा राग येतो.

आता आमचं काम काय होतं ते सांगते. शरीरातल्या प्रत्येक पेशीत आपल्या घडणीचा जो मूळ आराखडा असतो, तो रोज कुठे ना कुठे फाटतो. ते फाटलेलं रफू करायला काही प्रथिनं असतात. त्यांतलं एक म्हणजे जवळजवळ एकोणीसशे मण्यांची लांब माळ. ती नुसती माळ म्हणून काही कामाची नाही. तिची घडी पडावी लागते, ठरलेल्या जागी ठरलेला मणी घट्ट बसावा लागतो, मग तिला फाटलेली जागा धरता येते. मोघ्यांच्या घरात त्यातला एक मणी बदलला होता. आतल्या अरुंद फटीत जिथे बारीक मणी बसायचा, तिथे थोराड मणी आला होता.

तो तिथे मावतो की सगळी घडी फिसकटवतो, हे बघण्यासाठी त्या माळेचा तेवढाच तुकडा मी जंतूंकडून तयार करून घ्यायची. निरोगी तुकडा आणि बदललेला तुकडा. निरोगी तुकडा पाण्यासारखा नितळ राहायचा. बदललेला प्रत्येक वेळी नासायचा. दूध नासतं तसा. नळीच्या तळाला पांढरा चोथा. एकदा नाही, अकरा वेळा.

“हात नीट नाही तुझा,” पारसनीस मॅडम म्हणाल्या. त्या आमच्या लॅबच्या प्रमुख, माझ्या गाईड. वाईट बाई नव्हत्या, पण नियमाला पक्क्या. “बर्फात ठेवून कर.”

बर्फात ठेवून केलं. बर्फात तो नितळ राहिला. मी नाचले. मग नळी टेबलावर विसरले, आणि पंधरा मिनिटांत गढूळ.

“मॅडम, माझ्या हाताचा दोष नाही. हा मुळातच अंगच्या उबेला टिकत नाही. हा वाईटच आहे.”

“असेल. पण नळी ही एक साक्ष झाली, वैजयंता. दुसरी साक्ष घराण्याची लागते. ज्यांना रोग झाला, त्यांच्यात हा बदल ओळीने चालत आलाय असं दिसलं पाहिजे. तुझ्या तक्त्यात काय आहे? एकटी क्षमा. सोळा पिढ्यांत एक. एकीवरून मी कुणा धडधाकट बाईचे अवयव काढायला सांगू?”

त्यांचं काही चूक नव्हतं. मीच तर तक्ता आणला होता.

जूनमध्ये ऋजुताताई पुण्याला आल्या, एकट्याच, घरी नणंदेकडे जाते असं सांगून. लॅबच्या दारात चप्पल काढायला लागल्या, तेव्हा मी हसले. “अहो, देऊळ नाहीये. या.”

स्टुलावर बसल्या आणि सरळ मुद्द्यावर आल्या. “डॉक्टर म्हणतात, हा बदल वाईट असेल तर बीजांडकोशातही कॅन्सर होतो, ते आत्ताच काढून टाकलेले बरे. आणि निरुपद्रवी असेल तर उगाच कशाला कापाकापी. नितीनला दुसरं मूल हवंय. मलाही हवंय, खोटं कशाला बोलू. पण ओवीला आई पण हवीय ना. मला फक्त हो की नाही ते सांगा.”

“रिपोर्ट ऑगस्टमध्ये येईल.”

“ते झालंच. मला ते काय आहे ते तरी दाखवाल? माझ्यात आहे ते.”

असं दाखवायची पद्धत नव्हती. मी तरी दाखवलं. बर्फातून दोन बारक्या नळ्या काढल्या, दोन्ही नितळ, आणि त्यांच्या दोन मुठींत दिल्या. उजव्या मुठीत निरोगी, डाव्या मुठीत त्यांच्यासारखी.

“मूठ मिटा. आणि काहीतरी बोला.”

त्या ओवीबद्दल बोलल्या. शाळेत तिला कवितेचं बक्षीस मिळालं होतं, आणि घरी येऊन ती बक्षिसाचा कंपास बाहुलीला देऊन झोपली होती. बोलता बोलता सात-आठ मिनिटं गेली. मी म्हटलं, उघडा.

उजवी नळी नितळ होती. डावी दुधाळ झाली होती, आणि आपण बघत असतानाच त्यात पांढरे कण खाली बसत होते.

त्यांनी डावी नळी उजेडाकडे धरली. “माझ्याच हाताच्या उबेने?”

“हो.”

“म्हणजे हे वाईटच ना, वैजयंता? तुला काय वाटतं?”

आता मी माझ्या तोंडाबद्दल सांगते. माझं तोंड फटकळ म्हणून फलटणभर नाव आहे. माझी आजी म्हणायची, हिला बघायला येतील ते पाहुणे चहा न घेता पळतील. मी मॅडमना तोंडावर उत्तर द्यायची, रिक्षावाल्याशी भांडायची, कॉलेजच्या प्राचार्यांना एकदा ‘तुम्ही खोटं बोलताय’ म्हणाले होते. आणि त्या दिवशी, जिथे ते तोंड उघडायचं होतं तिथे, माझ्या डोळ्यांपुढे तो तक्ता आला. एक काळा गोल आणि बाकी सगळे पांढरे. मॅडमचा आवाज आला. आणि उद्या हिने अवयव काढले आणि मी चुकलेली निघाले तर, असंही आलं. खरं सांगते, सगळ्यात मोठ्याने तेच आलं.

“नळीतलं आणि शरीरातलं वेगळं असतं, ताई,” मी म्हटलं. “रिपोर्टमध्ये येईल ते धरायचं.”

त्यांचा चेहरा उजळला. माझ्या ‘वेगळं असतं’ या दोन शब्दांना धरून त्या उठल्या. जाताना पर्समधून डबी काढून मला खोबऱ्याच्या वड्या दिल्या.

ऑगस्टमध्ये रिपोर्ट गेला. ‘अर्थ अनिश्चित. या बदलाच्या आधारे शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.’ मोघ्यांच्या घरात त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा घेतला गेला. सरांनी मला फोन करून आभार मानले.

पुढच्या जानेवारीत क्षमाताई गेल्या. मी भेटायला गेले नाही, थिसिसचं निमित्त काढलं. आणि त्याच्या पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये ऋजुताताईंना मुलगा झाला. त्यांनी फोनवर त्याचं रडणं ऐकवलं मला.

त्या सप्टेंबरात आमच्या कामाला नव्याने मंजुरी मिळाली. आता आईवडिलांचंही रक्त घ्यायचं होतं, बदल कुठल्या बाजूने आला ते कळायला. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, “अमावस्येला ये. महालय आहे, सगळे घरीच असू. ऋजुताही येते.”

आमच्या गावाकडे म्हाळ म्हणजे गावजेवण, खीर आणि वडे. ब्राह्मणाघरचा महालय मी कधी पाहिला नव्हता. रक्ताच्या नळ्या आणि बर्फाचा डबा घेऊन मी पोचले, तर हॉलमधला कोच भिंतीला सरकवलेला, सर सोवळं नेसून पाटावर बसलेले, समोर गुरुजी. “हे आटोपू दे, मग रक्त घे,” सर म्हणाले. मी कोचावर ऋजुताताईंजवळ बसले. बाळ त्यांच्या मांडीवर झोपलं होतं. आतून आमसुलाच्या चटणीचा वास येत होता.

सरांच्या गुडघ्याशी एक शंभर पानी वही होती, खाकी कव्हर घातलेली. गुरुजी नातं सांगायचे, सर वहीत बघून नाव आणि गोत्र सांगायचे आणि पाणी सोडायचे. वडील, आजोबा, पणजोबा. आई, आजी. मग गुरुजी म्हणाले, “कन्या.”

सर थांबले. “क्षमा,” म्हणाले, आणि गोत्र सांगायला त्यांना जरा वेळ लागला. काकू दारात होत्या, त्या आत गेल्या.

चुलते झाले, मामा झाले, भाऊ झाला.

“आता भगिनी.”

“इंदिरा, कौशिक गोत्र. द्वारका, भारद्वाज गोत्र. शकुंतला, गार्ग्य गोत्र.”

मी सहज मान वर केली. ज्या तिघी छापील पुस्तकात नुसत्या ‘भगिनी तीन’ होत्या, त्यांना इथे नावं होती.

“यजमान मागे होते ना तिघींचे?” गुरुजींनी विचारलं.

“होते. तिघीही अहेव गेल्या.”

“भाग्य लागतं हो! आणि तुमच्या आत्या?”

“सुभद्रा आणि कृष्णा. त्याही अहेवच.” इतक्या वेळात पहिल्यांदा सरांच्या तोंडावर थोडं हसू आलं. “आमच्या घरच्या मुलींचा चुडा शेवटपर्यंत अखंड राहतो, अशी ख्यातीच आहे आमची. मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा हे बोलून दाखवायचे.”

माझ्या हातातला बर्फाचा डबा मी खाली ठेवला.

अहेव म्हणजे नवऱ्याच्या आधी, कपाळाला कुंकू असताना. पण जुन्या काळी नवरा बायकोपेक्षा दहा-दहा वर्षांनी मोठा असायचा. आमच्या आळीत घरटी एक म्हातारी आहे आणि ती विधवाच आहे. आणि या घरच्या पाचच्या पाच मुली नवऱ्याआधी गेल्या?

“सर,” मी म्हटलं, “त्या गेल्या तेव्हा त्यांची वयं काय होती?”

गुरुजी दचकले. “बाई, मध्ये बोलू नये.”

“वयं काय होती, सर?”

सरांच्या ओंजळीत पाणी होतं.  “इंदूताई अडतीस. द्वारका बेचाळीसची असेल. शकू धाकटी, तिला... तिला छत्तिसावं लागलं होतं.”

“आणि आत्या?”

“मी लहान होतो. दोघींच्या मुली न्हात्याधुत्या व्हायच्या होत्या, एवढं आठवतं.”

“कशाने गेल्या?”

“बायकांचं काहीतरी. कोण सांगत होतं त्या काळी? आणि त्या आपापल्या घरी गेल्या, आपल्याला तार आली की कळायचं. इंदूताईला छातीशी गाठ होती म्हणे. शकूला मात्र मी भेटायला गेलो होतो मिरजेला. पोट असं पाण्याने भरलेलं...”

ते तिथेच थांबले. शिकलेले, हुशार माणूस होते. पुढचं मला सांगावं लागलं नाही. ओंजळीतलं पाणी, जे अंगठ्याच्या बाजूने सोडायचं असतं, ते बोटांच्या फटींतून सगळं खाली गळून गेलं.

दारात काकू उभ्या होत्या, हातात वरणाची पळी तशीच. “म्हणजे माझ्याकडून नाही आलं?”

त्या माझ्याकडे वळल्या.

“वैजयंता, तू सांग. माझ्याकडून नाही ना?”

“नाही काकू. तुमच्याकडून नसणार.”

त्यांनी पळी जमिनीवर ठेवली आणि क्षमाताईंच्या फोटोपुढे जाऊन उभ्या राहिल्या. “मी नाही गं दिलं तुला, बाई. मी नाही दिलं,” असं म्हणत रडायला लागल्या, आणि रडताना त्यांचा चेहरा इतका मोकळा झाला की बघवेना. ‘त्या क्षणी मला बरं वाटलं, याची लाज मला आयुष्यभर पुरली,’ असं काकू पुढे कित्येकदा म्हणाल्या.

कारण लगेच ऋजुताताईंनी माझ्या दंडाला हात लावला. हळू विचारलं, बाळ उठू नये म्हणून असेल.

“वैजयंता, पोटात पाणी होतं म्हणजे कसं होतं?”

“का?”

“माझं पोट उतरत नाहीये. पाच महिने झाले बाळंतपणाला. सासूबाई म्हणतात, पट्टा नीट बांधला नाहीस.”

मी त्यांच्या पोटाला हात लावला. मी डॉक्टर नाही. पण ते पोट बाळंतिणीचं नव्हतं, ते ताणलेलं होतं. मी माझ्या तोंडून एवढंच ऐकलं, “उठा. आत्ता. मिरजेला जाऊ या.” सर पाटावरून उठले, श्राद्ध अर्धं टाकून. गुरुजींनी त्यांना अडवलं नाही.

बीजांडकोशाचा कॅन्सर होता. पोटभर पसरलेला.

सरांचं रक्त तपासलं, तोच बदल निघाला. सत्तरी ओलांडलेला ठणठणीत माणूस, साधं पडसं नाही. काकूंच्या रक्तात नव्हता. द्वारकाबाईंची एक मुलगी कऱ्हाडला होती, तिचा एक स्तन काढलेला होता, आणि तिच्यातही तोच. मी नवा तक्ता काढला आणि बसून गोल काळे केले. पारसनीस मॅडमनी तो बघितला, चष्मा काढला आणि बराच वेळ डोळे चोळत राहिल्या. नोव्हेंबरात सुधारित रिपोर्ट गेला: ‘बदल रोगकारक.’ दोन वर्षं तीन महिने उशिरा. तेवढ्या काळात ते अवयव काढले असते तर बाई जगली असती. मी हे कुणापाशी फिरवून बोलत नाही.

ऋजुताताई दहा महिने झगडल्या. मला एकदाही दोष दिला नाही. शेवटी शेवटी एकदा मीच म्हणाले, “ताई, त्या दिवशी मला वाटत होतं की ते वाईट आहे. मी बोलले नाही.” त्या म्हणाल्या, “मला कळलं होतं गं. मूठ उघडल्यावर कळलंच होतं. पण तू ‘वेगळं असतं’ म्हणालीस, आणि मला तेच ऐकायचं होतं.”

जुलैत गेल्या. अडतिसाव्या वर्षी, इंदूआत्यांच्या वयाला.

मी सकाळी सांगलीत पोचले. त्यांच्या सासरच्या अंगणात गर्दी होती. त्यांना हिरवी साडी नेसवली होती, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू, ओटी भरलेली. सवाष्ण गेली की आजूबाजूच्या सवाष्णी येतात, हळदकुंकू वाहतात, पायांवर डोकं ठेवतात आणि मलाही असंच मरण येऊ दे म्हणतात. रांग लागली होती बायकांची. कुणीतरी माझ्या हातात करंडा दिला आणि मी त्या रांगेत उभी राहिले. माझं लग्न झालेलं नव्हतं, पण ते कुणी बघितलं नाही, आणि मलाही सुचलं नाही. पुढे एक बाई वाकली आणि म्हणाली, “भाग्याची गं. सोनं झालं.”

मोघे सर पायरीवर बसले होते. ते उठले. त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नव्हता.

“बस्स! कुणी पाया पडायचं नाही तिच्या!”

 व्याही पुढे आले, “अहो, पद्धत असते...”

“माहीत आहे पद्धत. साठ वर्षं मी ती वही वाचतोय. पाच जणी गेल्या आणि मी ते भाग्य म्हणून मिरवलं. ही सहावी.” ते रांगेसमोर येऊन उभे राहिले, दोन्ही हात पसरून, वाट अडवावी तसे.  “असलं मरण मागू नका, बायांनो. घरी जा. म्हाताऱ्या व्हा. विधवा व्हायची वेळ आली तर विधवा व्हा, पण म्हाताऱ्या व्हा!”

एकेक बाई मागे सरली. काकू ऋजुताताईंच्या उशाशी बसल्या होत्या, त्यांनी मान वर करून नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा लेकीच्या केसांतून हात फिरवायला लागल्या. करंडा हातात घेऊन मी एकटीच उभी राहिले. अकरा वर्षांची ओवी माझ्याजवळ आली आणि माझ्या हातातून करंडा काढून घेऊन तिने तो तुळशीपाशी ठेवून दिला.

याला पंधरा वर्षं झाली. सर गेले, काकू गेल्या. आज ज्या केंद्रात मी काम करते, तिथल्या तक्त्यावर ‘घरात कुणाला?’ असा प्रश्न नाही. तिथे विचारतात, या घरात जन्मलेल्या आणि लग्न होऊन गेलेल्या प्रत्येक मुलीचं नाव, माहेरचं आणि सासरचं, ती किती वर्षं जगली आणि कशाने गेली. लोक कंटाळतात. मी त्यांना कंटाळू देते.

काल ओवी आली होती. सव्वीस वर्षांची, आईसारखीच मुद्द्यावर येणारी. तिने पिशवीतून ती खाकी कव्हरची वही काढून माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या वर्षांत सरांनी प्रत्येक बाईच्या नावापुढे वय आणि रोग लिहिला होता, आणि ‘अहेव’ हा शब्द जिथे जिथे होता तिथे तिथे काळ्या शाईने खोडला होता. नावांच्या वर, पानाच्या माथ्यावर, त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं: ‘श्रीपाद. यांच्याकडून पुढे.’

तिच्या रक्ताचा रिपोर्ट पाकिटात माझ्या टेबलावर होता. मी तो सकाळीच वाचला होता.

“रिपोर्ट मी नंतर वाचेन, मावशी,” ती म्हणाली. “आधी तू सांग. तुला काय वाटतं?”

मी पाकीट बाजूला सरकवलं आणि तिचे दोन्ही हात हातात घेतले.

“आहे, ओवी,” मी म्हटलं. “तुझ्यात आहे. आणि ते वाईट आहे. बस, आता काय काय करायचं ते सगळं सांगते.”